गाडी थंड असताना

आमच्या नात्यागोत्यात कुणी सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं, की रविवारी सकाळी मला सोबत नेतात. मी मेकॅनिक नाही. पुण्यातल्या एका सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे गाडीची ओळख मला आधी कागदांतून झाली. आरसी, विमा, बोजा, हप्ते. लोखंडाची ओळख पुढे आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या भाऊंनी करून दिली. दोन्ही बाजू पाहिल्यावर गाडी बघण्याची माझी एक रीत बसत गेली. मध्यमवर्गीय घरात जुनी गाडी ही बहुधा पहिलीच गाडी असते. तिच्यासाठी लोकांनी मोडलेल्या एफडीच्या पावत्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. तो पैसा किती वर्षांचा असतो हे ठाऊक असल्यामुळे मला या कामात घाई सोसवत नाही.

१. गाडी थंड असताना बघायला मिळाली, तर अर्धं काम तिथेच होतं. फोनवर वेळ ठरवतानाच मी सांगून ठेवते, “आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं.” पोचल्यावर नमस्कार-चमत्कार झाले की पहिल्यांदा बोनेटवर तळहात टेकवते. गरम लागलं म्हणजे मालक काही लपवतोय असंच नाही. मुलाला क्लासला सोडून आला असेल. पण मग मी दुसऱ्या दिवशीची वेळ मागते.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं. किल्ली फिरवली की पंप ते पुन्हा वर चढवतो, आणि तेवढ्या दोन-चार सेकंदांत इंजिनाचे झिजलेले भाग ऐकू येतात. सैल पडलेल्या टाइमिंग चेनची खडखड, टॅपेटची टिकटिक. इंजिन तापलं की यातले बरेच आवाज दबतात. बॅटरी थकली असेल तर स्टार्टर रेंगाळतो. धूरही पहिल्या मिनिटातच बघावा. निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन पुरतं जळत नाही. थंडीत थोडी पांढरी वाफ येणं साहजिक आहे. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय आणि तो खर्च मोठा असतो. सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघायची. तिथे दुधट साय जमली असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असल्याची शंका घ्यावी. नुसतं जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही ओलाव्यामुळे थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइल आणि कूलंटची टाकी दोन्ही बघितल्याशिवाय निवाडा करू नये. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही, कितीही आग्रह केला तरी उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

हे सगळं करायला ज्ञान फार लागत नाही. थांबायची तयारी लागते, आणि मला सर्वांत जास्त आश्चर्य याचंच वाटलं.

२. नुकतीच धुतलेली, ओली गाडी संध्याकाळी बघू नये. पाण्याच्या थराखाली ओरखडे, रंगातला फरक, पुट्टीच्या लाटा सगळं झाकलं जातं. दिवसाउजेडी, कोरडी गाडी, आणि तिच्या एका टोकाला उकिडवं बसून बाजूवरून सरळ नजर टाकायची. समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब पत्र्यावर सरळ उतरतं की मध्येच वाकतं, ते दिसतं. मग दारं, बोनेट, डिक्की यांच्या फटी बघायच्या. डाव्या बाजूची फट आणि उजव्या बाजूची फट सारखी हवी. बोनेटच्या बिजागरीचे आणि मडगार्डचे बोल्ट कंपनीतून निघताना गाडीच्या रंगातच रंगलेले असतात; त्यांच्या कडा पान्याने घासलेल्या दिसल्या तर तो भाग कधीतरी उघडला गेलाय.

काचांवरच्या खुणा वाचायला मला भाऊंनी शिकवलं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची सांकेतिक खूण असते. सगळ्या काचा साधारण एकाच काळातल्या असतात. एखादीच वेगळी निघाली, तर तेवढी का बदलली हे विचारायचं. दगड उडून समोरची काच फुटणं महामार्गावर नेहमीचं आहे. पण मागच्या दाराची काच, त्याच दाराचा ताजा रंग आणि त्याच बाजूच्या खांबाच्या रबराखाली वेडीवाकडी वेल्डिंग, हे एकत्र आलं की ती गाडी जोरात आदळलेली असते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. रंग मारलेला दिसला की बरेच लोक तिथल्या तिथे गाडी नाकारतात. आपल्या शहरांतल्या रहदारीत बंपर आणि दार खरचटलेलं नाही अशी पाच-सात वर्षांची गाडी विरळाच. ते पाप नव्हे. घाबरायचं ते सांगाड्याला झालेल्या दुखापतीला: छताचे खांब, इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे एप्रन, पुढचे-मागचे चासीचे दांडे, डिक्कीतल्या स्टेपनीखालचा पत्रा. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघणारा ग्राहक मला फार थोड्या वेळा भेटला. मागून बसलेला धक्का तिथे सुरकुत्या ठेवून जातो. अपघातात माणसाला वाचवतो तो हा सांगाडा. त्याची एकदा घडी मोडली की वरून कितीही चकचकीत केलं तरी दुसऱ्या अपघातात तो तसा वागेलच असं नाही.

३. किलोमीटरचा आकडा मी सर्वांत शेवटी बघते. डिजिटल मीटर मागे करता येतो, आणि करतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण गाडीची झीज मागे करता येत नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगच्या वरच्या भागाची चकाकी, गिअरच्या मुठीवरची पुसलेली अक्षरं, ड्रायव्हरच्या सीटची चढता-उतरताना घासली जाणारी कडा. मीटर तीस हजार सांगतोय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबरावर विश्वास ठेवावा. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं रीडिंग लिहिलेलं असतं. ती बिलं तारखेने लावली की आकडा चढत जातो की मध्येच घसरतो ते दिसतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलेल्या गाडीची नोंद तिथल्या संगणकातही असते. मालकाला सोबत नेलं तर बहुतेक ठिकाणी ती बघायला मिळते.

मात्र कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, हा आपल्याकडचा समज मला खोडून काढावासा वाटतो. परदेशी गेलेल्या मुलाची, सोसायटीच्या तळघरात कव्हर घालून ठेवलेली गाडी “अजिबात चाललेली नाही” म्हणून जास्त किमतीला विकली जाते. उभ्या गाडीची बॅटरी मरते, रबरी सील कडक होतात, ब्रेकची डिस्क गंजते, टाकीतलं पेट्रोल बिघडतं, आणि उंदरांनी वायरिंग खाल्लं तर तो बिघाड शोधता शोधता इलेक्ट्रिशियनही हात टेकतो. याउलट पुणे-कोल्हापूर नियमित ये-जा करणारी, दर सर्व्हिसचं बिल जपलेली, लाखभर किलोमीटर झालेली गाडी मी अनेकदा डोळे मिटून पसंत केली आहे. महामार्गावर वरच्या गिअरमध्ये एका वेगात चाललेलं इंजिन शहरातल्या क्लच-ब्रेकच्या मारामारीपेक्षा कितीतरी कमी झिजतं.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर संपला, त्याची खूण खाचांमध्येच असते. पण नक्षी शाबूत असूनही सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर धरत नाही. एका बाजूनेच झिजलेला टायर दिसला तर अलाइनमेंट, सस्पेन्शन किंवा जुना अपघात, यांपैकी काहीतरी आहे.

४. पाण्यात गेलेली गाडी ओळखता यायलाच हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांपैकी काही भंगारात जातात, काही प्रामाणिकपणे दुरुस्त होतात, आणि काही धुऊन, वाळवून, अत्तर मारून दूरच्या शहरात विकायला येतात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोजच्या वापरात तो पूर्ण कधीच बाहेर येत नाही, त्यामुळे आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवरचा गंज, हेडलाइटच्या आत साचलेला ओलावा, गालिचा उचलल्यावर हाताला लागणारा बारीक गाळ. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसलं की कुबट वास येतो; अत्तराचा घमघमाट असेल तर आणखी थोडा वेळ बसावं. अशा गाडीचं इंजिन कदाचित ठीकही चालेल. पण आजच्या गाडीत एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग सगळ्यांचे कंट्रोल युनिट आणि कनेक्टर असतात, आणि त्यांच्या पितळी-तांब्याच्या टोकांवर चढलेला हिरवा थर सहा महिन्यांनी, वर्षाने, ऐन प्रवासात डोकं वर काढतो. इंजिनात पाणी गेलेलं असताना कुणी ती सुरू करून बघितली असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही.

मला पुरात गाडी गेलेल्या कुटुंबाबद्दल राग नाही. त्यांचं घरही गेलेलं असतं. विमा कंपनीकडून जे मिळेल ते घेऊन त्यांनी ती सोडून दिलेली असते. राग येतो तो पुढच्या साखळीचा. चिखल काढला आणि गोष्ट पुसून टाकली, आणि ती गाडी दुसऱ्या एका घराची पहिली गाडी झाली.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं दुखणं निराळं. खारी हवा खालून पत्रा खाते. रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईत समुद्रालगत राहिलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

५. गाडी फिरवून बघताना आपल्या रोजच्या रस्त्यावर न्यावी. विक्रेता नेहमी गुळगुळीत, मोकळा रस्ता सुचवतो. आपल्याला तर स्पीडब्रेकर, खड्डे, चढ आणि अडकलेली रहदारी यांतच तिच्यासोबत राहायचं आहे. निघण्याआधी लायसन्स खिशात आहे ना आणि गाडीचा विमा चालू आहे ना, एवढं बघून घ्यावं. रेडिओ बंद, एसी सुरुवातीला बंद, काचा खाली.

मी सुरुवातीला शेजारच्या सीटवर बसते आणि मालकाला चालवायला सांगते. तो क्लचवर पाय ठेवूनच चालवतो का, गिअर कसा टाकतो, खड्ड्यावरून गाडी कशी नेतो, यातून गाडीने इतकी वर्षं काय सोसलंय ते कळतं. मग आपली पाळी. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरवायची. पुढच्या चाकाकडून कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना ठक्-ठक् झालं तर बुश किंवा लिंक रॉड. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून गाडी एका बाजूला ओढते का बघायचं; आधी नुसतं, मग ब्रेक लावताना. ब्रेक दाबल्यावर पायाला थरथर जाणवली तर डिस्क वाकडी झालेली असते. मागे कुणी नाही याची खात्री करून एकदा जोरात ब्रेक लावून बघावाच.

चढासाठी माझा आवडता रस्ता जुना कात्रज घाट. बोगद्याकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढायला हवी. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तेवढाच राहिला, तर क्लच प्लेट सरकतेय आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. चढावर सुरक्षित जागी थांबून हँडब्रेकवर गाडी ठरते का बघावं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून खाली यायचं, आणि तळाला पुन्हा हलकेच दाबताना आरशात मागे निळा धूर दिसतो का ते पाहायचं. परत येताना एसी पूर्ण सुरू करून सिग्नलला थांबायचं आणि तापमानाचा काटा वर सरकतो का बघायचं. रहदारीत तापणाऱ्या गाडीचा रोग तिथेच पकडता येतो.

परत आल्यावर इंजिन थोडा वेळ चालू ठेवून बोनेट उघडायचं, पाच मिनिटांनी खाली जमिनीवर बघायचं. एसीचं पाणी ठिबकणं ठीक. काळे किंवा हिरवे थेंब ठीक नाहीत.

६. किल्ली अर्धी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे सगळे लागायला हवेत, आणि गाडी सुरू झाल्यावर विझायला हवेत. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर अंगावर काटा आला. एअरबॅगचा दिवा सुरुवातीला लागतच नसेल, तर तो काढून टाकलेला किंवा दुसऱ्याच दिव्याला जोडलेला असू शकतो. म्हणजे एकदा फुटलेली एअरबॅग बदललीच नाही आणि दिवा मात्र गप्प केला. चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, एबीएस त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये दोन्ही नसायचं. बजेट तेवढंच असेल तर चांगली म्युझिक सिस्टीम असलेल्या वरच्या वर्षाच्या लहान गाडीपेक्षा एअरबॅग आणि एबीएस असलेली गाडी निवडा, असं मी प्रत्येकाला हट्टाने सांगते. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

७. मागच्या सीटवर बसून बघणारं कुणी नसतं. चालवणारा पुढे बसून खूश होतो; पण घरात गुडघे दुखणारी आई असते, बाळाची खुर्ची बसवायची असते. आईला एकदा सोबत न्या आणि तिला स्वतःहून चढू-उतरू द्या. मागचे सीटबेल्ट सीटखाली दबून गेलेले असतात. ते काढा, लावा, ओढून बघा.

८. आपला मेकॅनिक सोबत असावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. “अरे, जरा बघून सांग” म्हणून फुकटात नेलेला माणूस फुकटातलंच बघतो, आणि तो दोष त्याचा नाही. भाऊंची अर्ध्या दिवसाची मजुरी मी निघण्याआधीच ठरवते. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक घेऊ नये. लिफ्टवर गाडी चढवून सस्पेन्शन, सायलेन्सर, ऑइलची गळती बघून होते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्याला स्कॅनर लावला की इंजिनाच्या संगणकाने नोंदलेले दोष वाचता येतात. कुणी आदल्या दिवशी ते पुसले असतील तर तेही कळतं, कारण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालणं लागतं, आणि स्कॅनर त्या “अपूर्ण” दाखवतो.

विक्रेत्याने लिफ्टवर न्यायला नकार दिला, तर मी पुढे काही बघत नाही.

९. “का विकताय?” एवढं विचारून गप्प बसावं. मी टेबलापलीकडे बसून कर्जदारांना असंख्य प्रश्न विचारले आहेत. गाडी बघताना मात्र प्रश्नांनंतरची शांतताच जास्त कामाची ठरली. आपण बोलत राहिलो की समोरचा आपल्याला हवं ते उत्तर देतो. आपण थांबलो की तो स्वतःच सांगू लागतो. घरात माणसं वाढली, बदली झाली, वडील आता चालवत नाहीत. एका गृहस्थांनी तर स्वतःहून मला डाव्या दाराची सगळी हकिकत सांगितली, बिल दाखवलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी वायपर मोटर बदलावी लागेल हेही सांगितलं. ती गाडी माझ्या भाचीने घेतली आणि अजून वापरते.

१०. कागद हे माझं जुनं क्षेत्र, म्हणून थोडं विस्ताराने. आरसीवरचा चासी नंबर, सतरा अक्षर-अंकांचा, गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. झेरॉक्सवर भागवू नका. कोरलेल्या जागी घासल्याची खूण दिसली तर तिथून निघा. एमपरिवहन ॲपवर गाडी कितव्या मालकाची, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलनं बाकी असतील तर ती भरून घ्या. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फिटलं पण आरसीवरचं बँकेचं नाव काढलंच नाही, असे कितीतरी लोक माझ्याकडे गाडी विकायची वेळ आल्यावर धावत यायचे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. दिल्लीची स्वस्त गाडी पुण्यात आल्यावर तितकी स्वस्त राहत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं.

मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाव न बदलता मागायला गेलात तर दावा अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीचा नाही. तो “बोनससकट विमा देतो” म्हणाला तर ते शक्य नाही.

११. पहिल्या भेटीला मुलांना नेऊ नये. मूल आत बसलं, रंग आवडला, मागच्या सीटवर झोपलंही, की मग आई-बापांना “नाही” म्हणणं जड जातं. विक्रेत्यालाही ते समजतं. “संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन देऊन टाका,” हे वाक्य येतं ते नेमकं याच क्षणी. येऊ दे दुसरी पार्टी. महाराष्ट्रात त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाड्या भरपूर आहेत. नाही म्हणून परतलेल्या रविवारांबद्दल आमच्यापैकी कुणीही आजवर हळहळ व्यक्त केलेली नाही.

घेतलीच, तर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. आधीच्या मालकाने काय केलं होतं याचा विचारच नको.

१२. हे शेवटचं विकणाऱ्यांसाठी, कारण आज घेणारा प्रत्येकजण पाच-सात वर्षांनी विकणारा होतो. दर सर्व्हिसचं बिल एका फाइलमध्ये ठेवा. गाडी आदळली असेल, पाण्यात गेली असेल, तर ते विचारायच्या आधी सांगा आणि किंमत त्या मानाने कमी करा; त्या गाडीत उद्या कुणाची तरी आई बसणार आहे. आणि डिलिव्हरी दिली, सह्या केल्या, पैसे मिळाले, म्हणून विसरू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरली असली तरी. म्हणून घेणाऱ्याच्या मागे लागा, एजंटवर सोडू नका, आणि नवीन मालकाचं नाव ॲपवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत ती गाडी आपलीच आहे असं धरा.